कागद, खळ आणि फायबरची होडी

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या वाड्यावरची मुले शाळेत फक्त शरीराने असायची. मन सगळे नरकासुराच्या पुतळ्यात. बांबूच्या कामट्या आणि तारेचा सांगाडा, पोटात भाताचा पेंढा कोंबलेला, आणि त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून चिकटवायचे. आम्हा लहानांना एक थर लावला की काम झाले असे वाटे. वाड्यावरचा एक दादा मात्र सोडायचा नाही. पहिला थर वाळला की दुसरा, त्यात अडकलेली हवा बोटांनी दाबून बाहेर काढायची, मग तिसरा. तुकडेही एकाच दिशेने लावू द्यायचा नाही. एक थर उभा, पुढचा आडवा. चौथ्या दिवशी मुखवट्यावर टिचकी मारली की टण् आवाज यायचा.

वर्तमानपत्र टरकन फाटते. वाळलेली खळ चिमटीत चुरडली की भुगा होतो. अशा दोन दुबळ्या वस्तूंनी मिळून एवढा टणक मुखवटा कसा केला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडला खूप वर्षांनी, शापोरा नदीच्या काठी एका शेडमध्ये फायबरची होडी बनताना पाहिली तेव्हा.

तिथे होडीच्या आकाराचा साचा होता. त्याला आतून वॅक्स चोळले, म्हणजे होडी साच्याला चिकटून बसणार नाही. मग रंगीत जेलकोटचा हात दिला, तीच होडीची बाहेरची कातडी. तो जरा आवळल्यावर काचेच्या तंतूंची पांढरी मॅट अंथरली आणि ब्रशने रेझिन पाजले. रेझिन म्हणजे पुढे घट्ट होऊन टणक बनणारा चिकट द्रव. मॅट पांढरी होती ती भिजताच जवळजवळ पारदर्शक झाली. मग एक माणूस खाचांचा रोलर घेऊन बसला आणि एकेक बुडबुडा दाबून काढू लागला. आमच्या वाड्यावरचा दादा जे बोटांनी करायचा, तेच. बुडबुडा राहिला तर तिथे रेझिन आणि काच यांचा जोड नाही, आणि पुढे पाणी नेमके तिथेच शिरते.

काच, रेझिन यांसारखे दोन वेगळे पदार्थ एकत्र येऊन झालेल्या वस्तूला संमिश्र पदार्थ म्हणतात, कारखान्यात सगळे कॉम्पोझिट म्हणतात. चहात साखर विरघळते तसे हे एकत्र येणे नाही. चिवड्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो आणि पोहे पोहेच राहतात, तसे आहे. पितळेत तांबे आणि जस्त वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून तो मिश्रधातू. फायबरची होडी कुठे फुटली तर मात्र कडेला काचेचे तंतू केसांसारखे बाहेर आलेले उघड्या डोळ्यांना दिसतात.

आता खरा प्रश्न. काच तर फुटणारी वस्तू. तिची होडी करून लाटांत घालायची हिंमत माणसाला झाली कशी?

कापडाच्या दुकानात दुकानदार काय करतो ते आठवा. कडेला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टरकन फाडतो. चीर नसती तर तेच कापड त्याला फाडता आले नसते. हातांचा सगळा जोर चिरेच्या टोकाशी गोळा होतो. काचेचेही तसेच आहे. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण पडला की त्यातली सर्वांत मोठी चीर धावत सुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये हे मोजून दाखवले. त्याने जाड-बारीक काचेचे धागे ओढून तोडून पाहिले. सुमारे 1 मिलिमीटर जाडीच्या कांडीपेक्षा 3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धागा, सारख्याच जाडीच्या हिशेबाने, जवळजवळ 20 पट ताण सहन करत होता. एवढ्या बारीक धाग्यावर मोठ्या चिरेला जागाच नसते.

म्हणजे काच मुळात दुबळी नाही, तिच्या चिरा तिला दुबळी करतात. बारीक तंतू काढले की तिचे खरे बळ हाती येते. पण सुट्या तंतूंची होडी होत नाही. त्यांना जागेवर धरायला, ताण एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायला आणि पाण्यापासून झाकायला कोणीतरी हवे. ते काम रेझिनचे. तंतू भार घेतो, रेझिन भार वाटते.

आणि एखादी चीर पडलीच तर? मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. चीर रेझिनमधून धावत तंतूपाशी येते. तिथे तंतू आणि रेझिन यांचा जोड किंचित सुटतो, चीर वळते आणि तंतूच्या कडेने आडवी जाऊ लागते. तिची धाव तिथेच विरते. म्हणून हा जोड फार कच्चा नको, तसाच फार पक्काही नको. कच्चा असेल तर भार पोचणार नाही, आणि इतका पक्का असेल की सुटतच नाही, तर चीर तंतू तोडून सरळ पलीकडे जाईल. तंतूंना कारखान्यातच एका रसायनाचा पातळ लेप दिलेला असतो तो या जोडासाठीच. दोन पदार्थांपेक्षा त्यांच्यामधला सांधा महत्त्वाचा, हे एकदा ध्यानात आले की या विषयातले बाकीचे पुष्कळ आपोआप कळते.

दिशाही महत्त्वाची. तंतूच्या लांबीत बळ असते, आडवे नाही. माडाचे खोड पाहा. त्याचे तंतू उभे असतात आणि बाहेरच्या बाजूला जास्त दाट. वादळात माड वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या अंगालाच येतो, आणि माल नेमका तिथेच भरलेला आहे. बांबूचेही तेच. कागदाचा एक थर उभा आणि एक आडवा लावायला लावणाऱ्या त्या दादाला हे कोणी शिकवले होते, कोण जाणे.

घरात नजर फिरवली तर असे पदार्थ पावलोपावली सापडतील. कपाटावरचा सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेल्या कागदाचे थर, थेट नरकासुराचा भाऊबंद. स्कूटरचा टायर म्हणजे रबर, काजळी आणि दोऱ्यांची वीण. दाताच्या डॉक्टरने भरलेली पांढरी फिलिंग म्हणजे रेझिनमध्ये काचेची अतिबारीक पूड. निळा प्रकाश टाकला की काही सेकंदांत ती घट्ट होते, कारण त्या प्रकाशाने रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात. बोईंग 787 या विमानाचे निम्मे वजन अशाच पदार्थांचे आहे, तिथे काचेच्या जागी बहुतेक कार्बनचे तंतू असतात.

गोव्याने या क्षेत्रात केलेली एक गोष्ट मात्र थांबून सांगितली पाहिजे. मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या एका छोट्या बोटयार्डात नौदलासाठी 56 फुटांची शिडाची नौका बांधली गेली, ती ‘म्हादेई’. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. त्याच यार्डातली ‘तारिणी’ 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्यातून निघाली आणि 21 मे 2018 रोजी परतली. 2024-25 मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातूनच पुन्हा जग पालथे घातले.

म्हादेईचे अंग फायबरचे आहे, पण भरीव फायबरचे नाही. आत हलक्या लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना फायबरचे थर. याला सँडविच म्हणतात. खोक्याचा पुठ्ठा हातात घेऊन पाहा. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी कागद. त्या तिन्ही कागदांना वेगवेगळे धरा, लोंबतात. चिकटवले की ताठ उभे राहतात. वाकताना एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते; मधल्या भागावर त्यातले फारसे काही येत नाही. म्हणून मजबूत माल दोन्ही कडांना ठेवायचा आणि मध्ये हलके काहीतरी घालून त्यांना एकमेकांपासून दूर धरायचे. वजन थोडेच वाढते, ताठपणा कितीतरी पटींनी. दक्षिण महासागराच्या लाटांत याच हिशेबावर त्या नौका टिकल्या.

आता दुसरी बाजू. गोव्यात माझ्या वयाच्या कोणालाही 5 जुलै 1986 सांगावा लागत नाही. त्या दिवशी मांडवीवरचा जुना पूल कोसळला. बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षे झाली होती. त्यानंतर पणजी आणि बेती यांच्यामध्ये पुन्हा फेरीबोटींचे राज्य आले, नवा पूल होईपर्यंत. काँक्रीट हाही संमिश्र पदार्थच आहे. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. पोलाद ताण सोसते. तापल्यावर दोघे जवळजवळ सारखेच फुगतात, नाहीतर गोव्याच्या उन्हात ते कधीच एकमेकांपासून सुटले असते. शिवाय ताजे काँक्रीट इतके अल्कधर्मी असते की त्याच्या पोटात पोलादाला गंज चढत नाही. जोडी अगदी जमलेली.

पण खाऱ्या हवेतला क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपतो आणि पोलादावरचे ते संरक्षण मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट आणि त्याहूनही जास्त जागा मागतो. तो आतून काँक्रीटला फोडतो, फटीतून आणखी खारे पाणी शिरते. पुलाच्या आतल्या ताणून बसवलेल्या तारा गंजल्या, हे त्या दुर्घटनेचे कारण म्हणून सांगितले जाते. आमच्याकडच्या किनाऱ्यावरच्या घरांच्या गॅलऱ्यांखाली काँक्रीटच्या खपल्या पडून तपकिरी सळ्या दिसतात तो याच आजाराचा छोटा अवतार. आता लोखंडाऐवजी काचतंतूंच्या सळ्या मिळतात. त्या गंजत नाहीत, हा मोठा गुण. पण पोलादाच्या मानाने त्या चार-पाच पट जास्त लवतात, आणि साइटवर वाकवताही येत नाहीत. लोखंड काढून तेवढीच फायबरची सळी घातली असे करून चालत नाही, हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने हे आपल्या इंजिनिअरला जरूर विचारावे.

इथपर्यंतचे पदार्थ बिचारे भार सोसत उभे असतात. काही पदार्थ त्यापुढे जाऊन बाहेरच्या बदलाला उत्तर देतात. त्यांना स्मार्ट पदार्थ म्हणतात. जाहिरातींनी हा शब्द इतका स्वस्त केला आहे की पंख्यापासून झाडूपर्यंत सगळेच स्मार्ट झाले आहे. माझी कसोटी साधी आहे: वायर, चिप, प्रोग्राम काढून टाका, तरीही तो पदार्थ स्वतःच्या अंगच्या गुणाने उत्तर देतो का?

गॅसचा लायटर या कसोटीला उतरतो. त्यात बॅटरी नसते. बटण दाबले की आतला हातोडा एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आदळतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. अशा स्फटिकात धन आणि ऋण भार अशा रचनेने बसलेले असतात की दाबले की ते एकमेकांपासून सरकतात आणि दोन टोकांना वीज दिसू लागते. याला पीझोइलेक्ट्रिक गुण म्हणतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी तो 1880 मध्ये दाखवला. गंमत अशी की हे उलटेही चालते. वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा इवलासा दोन दातांचा काटा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि त्या थरथरण्यावर वेळ मोजली जाते.

आमच्या ट्रॉलरवरचा फिशफाइंडर दोन्ही बाजू वापरतो. विजेने स्फटिक थरथरवून पाण्यात आवाजाचा ठोका सोडायचा, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीने तोच स्फटिक दाबला गेला की उमटलेली वीज वाचायची. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. तळ 30 मीटरवर असेल तर जाऊन यायला 60 मीटर, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. मध्येच तारल्यांचा थवा असेल तर त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवरून आवाज लवकर परततो. तांडेल पडद्यावर जो ढग बघतो तो हा.

युद्धनौकेचे सोनार हे याचेच मोठे रूप, आणि तिथे आपल्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सोनारचे स्फटिक जहाजाच्या नाकाखाली असतात. त्यांना लाटांच्या माऱ्यापासून झाकणारा घुमट मजबूत हवा, पण आवाज अडवणारा नको. जाड पोलाद आवाज अडवते, फायबर पुष्कळसा जाऊ देते. देशात बनलेला असा पहिला संमिश्र घुमट गोव्यातल्या पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत तयार झाला आणि 2016 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तो नौदलाच्या हवाली केला. पर्रीकर स्वतः मुंबई आयआयटीचे धातुशास्त्राचे इंजिनिअर. त्या घुमटात काय साधले आहे, हे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नसणार.

आणखी एक स्मार्ट पदार्थ मला गोफ पाहताना नेहमी आठवतो. शिगम्यात नाचणारे प्रत्येक जण हातात एक रंगीत दोर धरतात आणि ठरलेल्या पावलांनी वरून वेणी विणत जातात. मग तीच पावले उलटी टाकतात आणि वेणी सुटते. प्रत्येकाने आपला दोर आणि आपली जागा सोडली नाही म्हणूनच ते सुटते. एकानेही दोर बदलला तर गाठ. निकेल आणि टायटॅनियमच्या निटिनॉल या मिश्रधातूत असेच होते. साधी तार वाकवली की अणू घसरतात आणि त्यांचे शेजारी बदलतात, परतीची वाट मोडते. निटिनॉलमध्ये अणू आपल्या शेजाऱ्यांना न सोडता थोडे कलतात. ऊब दिली की सगळे उलट्या पावलांनी मूळ जागी येतात आणि तार पहिल्या आकारात परतते. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत 1959 ते 1962 या काळात हे लक्षात आले. दात सरळ करायला लावलेली तार महिनोन् महिने सौम्यपणे ओढत राहते ती या गुणामुळे. पायाच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीत घालायचे काही स्टेंटही निटिनॉलचे असतात. दाबून बारीक नळीतून आत नेतात आणि शरीराच्या उबेत सोडले की आपोआप उघडतात.

उन्हात काळे होणारे चष्मे सगळ्यांना ठाऊक आहेत. भिंगातले रेणू अतिनील किरण पडले की उलगडतात आणि प्रकाश शोषतात. सावलीत पुन्हा मिटतात. मिटण्याचा वेग उष्णतेने वाढतो, म्हणून मे महिन्यात आपल्याकडे तो चष्मा थंड प्रदेशातल्याइतका गडद होत नाही. मोटारीच्या पुढच्या काचेतून अतिनील किरण फारसे येत नाहीत, म्हणून गाडी चालवताना तो जवळजवळ पांढराच राहतो. चष्मा बिघडला म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी हे माहीत असलेले बरे.

मला या सगळ्यात एक गोष्ट डाचते. किनाऱ्यावर माडांच्या सावलीत, कुंपणांच्या कडेला जुन्या फायबरच्या होड्या पालथ्या पडलेल्या असतात. लाकडी होडी जुनी झाली की चुलीत जायची, नाहीतर मातीत कुजायची. फायबरचे तसे नाही. होडीचे रेझिन हार्डनर घातल्यावर घट्ट होते तेव्हा त्याच्या लांब साखळ्यांमध्ये जागोजागी गाठी पडतात, सुट्या दोऱ्यांचे जाळे व्हावे तशा. त्या वेळी बादली हाताला चांगली गरम लागते. गूळ वितळवून पुन्हा ढेप करता येते, पण या गाठी उष्णतेने सुटत नाहीत, रेझिन शेवटी जळते. आणि काच रेझिनपासून वेगळी करायची तर तोच सांधा आड येतो, जो इतक्या कौशल्याने जमवला होता. काही ठिकाणी असे तुकडे सिमेंटच्या भट्टीत जाळून उरलेली काच सिमेंटमध्ये जिरवतात. उष्णतेने गाठी सुटतील आणि थंड झाल्यावर पुन्हा बसतील अशा रेझिनवरही काम चालू आहे. तोवर होडी पालथीच आहे, आणि तिला करवतीने कापणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात काचेची धूळ जाते, ती वेगळीच.

जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले असत. चपटे, तळहाताएवढे, अर्धपारदर्शक. घरात मंद, दुधाळ उजेड यायचा. वजनाने त्या शिंपल्यात सुमारे 99 टक्के कॅल्साइट, खडूच्याच कुळातले ठिसूळ खनिज, आणि फक्त 1 टक्का सेंद्रिय चिकट. कॅल्साइटच्या पातळ पत्र्यांवर पत्रे आणि मध्ये तो चिकट. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी या शिंपल्यावर टोकदार सुई दाबून पाहिली. साध्या कॅल्साइटच्या मानाने तो आघाताची ऊर्जा सुमारे 10 पट चांगली जिरवतो आणि इजा टोचलेल्या जागेपुरतीच ठेवतो, तरीही प्रकाश आरपार जाऊ देतो, असे त्यांना दिसले. पारदर्शक चिलखताच्या कल्पनेने ते त्याच्याकडे पाहत होते.

पूर्वी आपल्याकडे शिंपले भट्टीत भाजून चुना करत. तोच चुना गिलाव्यात जायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्साइट व्हायचा. खिडकीत बसलेला पदार्थ भिंतीत गेला तरी तोच राहायचा. असे शिंपले गोव्यात आता मुख्यतः चिखलीच्या खाडीत उरले आहेत, त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि गावातली माणसे त्यांच्यावर नजर ठेवून असतात. ओहोटीला चिखलात ते आडवे पडलेले असतात, आणि त्यातला प्राणी जिवंत असेतो कडेने एकेक थर वाढवत असतो.